दीड कुंगाचं नाणं

कँटनच्या परदेशी वखारींमागच्या गल्लीत मोक सेकहिंगच्या कानाची अशी ख्याती होती, की लोक त्याच्यासमोर साधी थापही जपून मारत. मोक नाणेपारखी. चांदीचं नाणं बोटांच्या टोकांवर तोलून धरायचं, दुसऱ्या नाण्यानं हलकी टिचकी द्यायची, नाद ऐकायचा आणि खरं असेल तर त्यावर आपला शिक्का ठोकायचा. शिक्का तांदळाच्या दाण्याएवढा. पण एकदा ठोकला की त्या नाण्याची जबाबदारी जन्मभराची. खोटं निघालं तर भरून द्या. एकवीस वर्षांत मोकचं एकही नाणं परत आलं नव्हतं. त्यामुळे स्वारी जरा चढली होती, खोटं कशाला बोला.

सोळाव्या वर्षी रेशमाचे किडे सोडून तो कुआन शेठच्या पेढीवर लागला. तीन वर्षं म्हाताऱ्या उस्तादानं त्याला फक्त खरीच नाणी हाताळू दिली. परकी लिपी कुणाच्या बापाला येत होती? नाण्यावरच्या राजाचे केस कुरळे, म्हणून त्याला सगळे बुद्धमुंडी म्हणत. राजाच्या नावापुढे उभ्या रेघा असत, वर-खाली आडव्या काडीच्या. त्या आमच्या 'कुंग' अक्षरासारख्या दिसत, म्हणून कुंग मोजायचे. तीन कुंग चांगले, चार कुंग चांगले, बाकी सगळे चोर. एवढं पोपटालाही पाठ झालं असतं; मोकलाही झालं.

वसंताच्या सुरुवातीला आसुई नावाचा बदकवाला एकच नाणं घेऊन आला.

"उस्ताद, एवढं मोडून द्या. बापानं मरेपर्यंत जपून ठेवलेलं. आईची साठी झाली, तिच्या शवपेटीला चांगलं लाकूड घेतो म्हणतोय. म्हातारी रोज विचारते, माझं घर कधी आणतोस म्हणून."

मोकनं नाणं वाजवलं. नाद खणखणीत आला. मग तो कुंग मोजायला गेला, तर एकच कुंग, आणि त्याच्या पुढे खाली जुळलेल्या दोन तिरक्या काड्या.

"हे काय, दीड कुंग?" कुणीतरी मागून डोकावलं. बघे जमले. मोकनं पुन्हा वाजवलं. कान म्हणत होता खरं, पाठांतर म्हणत होतं चोर. कानाचं ऐकावं, तर उद्या सगळा बाजार म्हणणार, मोक दीड कुंगावर शिक्का मारतो.

"नकली," तो म्हणाला.

"अहो, असं कसं? माझा बाप वखारीत चहाच्या पेट्या वाहायचा. गोऱ्यानं त्याच्या हातावर ठेवलंय ते!"

"मग विचार जा बापाला, दीड राजा कुठल्या देशात असतो!"

लोक खो खो हसले. कचेरीच्या शिपायांनी आसुईला तिथूनच उचललं. नकली नाणं चालवल्याबद्दल चाळीस दिवस गळ्यात खोडा. चौकोनी जड फळी, इतकी रुंद की स्वतःचा हात स्वतःच्या तोंडाला पोचत नाही. जिथे गुन्हा तिथेच शिक्षा, म्हणून त्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसवलं.

बाराव्या दिवशी मनिलाहून चांदीची पेटी आली. त्यात साठ नाणी दीड कुंगाची. मोकनं त्यातलं एक उचलून वखारीच्या दुभाष्याला दाखवलं. दुभाष्या हसत म्हणाला, "चारच हो ते, फक्त लिहायची तऱ्हा वेगळी! जुना राजा मेला, नव्याचा चेहरा समुद्रापार टांकसाळीत पोचायचा होता. म्हणून जुन्या तोंडाखाली नवं नाव घातलं. अस्सल चांदी आहे."

दुभाष्या गेल्यावर मोक म्हणाला, "शेठ, तो बदकवाला..."

"मला कळलं." कुआन शेठनं दार लोटून घेतलं. "खोट्या आरोपाची शिक्षा ठाऊक आहे ना? तोच खोडा तुझ्या गळ्यात, वर फटके. आणि तुझ्या शिक्क्याचं गावातलं एकूण एक नाणं उद्या माझ्या दारात."

"पण त्यानं काही केलेलं नाही."

"अठ्ठावीस दिवस उरलेत. मरत नाही तो. जा, त्या साठांवर शिक्का ठोक. गल्लीत कुणाला दिसायच्या आत ती परगावी पाठवतो."

मोकनं ठोकला. साठही वेळा. मला या माणसाचा संताप येतो, आणि घरात त्याची तीन पोरं आठवली की तोंडातली शिवी तोंडातच राहते. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवसापासून तो आसुईला भाताची पेज भरवू लागला. सुक्या मासळीचा तुकडा कुस्करून, फुंकर घालून, चमच्या-चमच्यानं. गल्ली म्हणाली, "देवमाणूस!" ते ऐकलं की मोकला तिथून पळून जावंसं वाटे. रोज सकाळी तो ठरवायचा, आज कचेरीत जायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. एकदा खरंच फाटकापर्यंत गेला. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय काम?" मोक म्हणाला, "काही नाही, वाट चुकलो."

पस्तिसाव्या दिवशी दोन घास खाऊन झाल्यावर आसुई म्हणाला, "उस्ताद, इतके दिवस तुम्हाला मनात शिव्या घालत होतो. माफ करा."

"कशाला रे?"

"बसल्या बसल्या विचार केला. तुमचा कान चुकत नाही, सगळी गल्ली सांगते. शिवाय खोटं बोलणारा माणूस कशाला मला रोज भरवेल? म्हणजे चोर माझा बापच."

"असं बोलू नकोस," मोक कसाबसा म्हणाला.

"मग काय बोलू? परवा आई आली होती, तिलाही सांगितलं. रडली बिचारी. घरी जाऊन तिनं पितरांच्या देव्हाऱ्यातली त्याच्या नावाची पाटी काढली आणि चुलीत घातली. आज सकाळी शेजाऱ्यानं निरोप आणला."

मोकच्या ओठांशी शब्द आले. आसुई तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होता.

मोकनं चमचा भरला.