पंचावन्न इंची जबाब

"तुही आत्या उठून नाही राह्यली," असा मामाजींचा फोन आला, तेव्हा मी नुकतंच गॅसवर दूध ठेवलं होतं. मामाजी म्हणजे माझ्या सुमनआत्याचे यजमान. त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, तक्रार होती. लग्न झाल्यापासून आत्या रोज त्यांच्या आधी उठत आली होती आणि आज ती काही न सांगता हा नियम मोडत होती, असा काहीसा सूर होता. मी म्हटलं, हलवून पाहा. "पाह्यलं." जोरात हाक मारा. "मारली ना बापा. सारी गल्ली उठली, ते नाही उठली." मामाजी नोकरीभर बसमध्ये कंडक्टर होते. 'करंजी, वडकी, हिंगणघाट' ही त्यांची हाक स्टँडबाहेरच्या रसवंतीपर्यंत ऐकू जायची, त्यामुळे गल्ली उठली असणार यात मला शंका नव्हती. आणि मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "ये तू." दूध केव्हा उतू गेलं ते मला कळलं नाही. यवतमाळहून पांढरकवड्याला जाईपर्यंत बसमध्ये मी डोळे पुसत होते आणि मधूनच हसतही होते. शेजारच्या बाईनं शेवटी जागा बदलली. आत्याला ओळखणाऱ्या कोणाचंही असंच झालं असतं.

आत्या गेली त्याला आता दीडएक महिना होतो आहे. आत्या पांढरकवड्याच्या कोर्टात टंकलेखक होती. माझे आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन परतले ते पोरीला शिकवायचं हे पक्कं करूनच, आणि पोरगी अशी निघाली की टायपिंगच्या परीक्षेत तिच्या मशीनचा आवाज ऐकून बाकीच्या उमेदवारांचे हात थांबले होते. असं निदान ती सांगायची. खून, मारामाऱ्या, शेताच्या धुऱ्यावरची भांडणं, कोणाची बकरी कोणाच्या तुरीत शिरली, असे सगळ्यांचे जबाब तिच्या बोटांखालून गेले. त्याचा परिणाम तिच्या बोलण्यावर झाला होता. भाजी खारट झाली तर "सदर भाजीत मीठ दोनदा पडल्याचे दिसून येते," असं ती स्वतःच जाहीर करायची, आणि मामाजींचा उल्लेख कायम 'सदर इसम' असा. "सदर इसम बाजारात गेले आहेत, अद्याप परतलेले नाहीत." लहानपणी मला बरीच वर्षं मामाजींचं नावच सदर आहे असं वाटत होतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिच्या डोळ्यांचे पडदे झिजायला लागले. कडेचं दिसायचं, मधलं पुसून जायचं. "तुह्या कानातले दिसतात वं मले," ती म्हणाली, "नाक नाही दिसत." मी म्हटलं, फारसं काही बिघडलं नाही. ती हसली, पण पेपर सुटला होता आणि पेपर सुटल्यावर आत्या अर्धी झाल्यासारखी दिसायला लागली होती. मग मामाजी तिला पेपर वाचून दाखवायला लागले. बसची गावं पुकारावीत तसे ते बातम्या पुकारायचे आणि न आवडलेली बातमी न थांबणाऱ्या स्टॉपसारखी सोडून द्यायचे. "पुढं काही नाही," म्हणून पान उलटायचे. हे चाललं असतं. पण एक दिवस समोरच्या कौसल्याबाई सहज विचारून गेल्या की, तुमच्या कोर्टातल्या मैत्रिणीकडे भेटून आलात का? ती मैत्रीण वारली होती. पेपरात फोटोसकट आलं होतं. मामाजींनी ते पान वाचलंच नव्हतं. "रडत बसली असती ते," एवढंच ते म्हणाले. आत्या ओरडली नाही. "माह्या डोळ्याचं गेलं ते गेलं," ती म्हणाली, "पण मी काय वाचाचं ते तुमी काहून ठरवता?" आणि मग कित्येक दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. त्या घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, पण जे वाचायचं ते मोठं करून वाचा, खूप मोठं. आता त्या घरात खूप मोठी अशी एकच गोष्ट होती. मामाजींनी निवृत्त झाल्यावर क्रिकेटसाठी पंचावन्न इंची टीव्ही आणला होता. बैठकीची खोली एवढीशी. टीव्हीसाठी बाबासाहेबांची तसबीर बाजूच्या भिंतीवर न्यावी लागली होती आणि त्याबद्दल आत्यानं मामाजींना अजून माफ केलं नव्हतं. मॅच लागली की अंपायर घरातच राहायला आल्यासारखा वाटायचा. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं की एक छोटा कॉम्प्युटर घे, टीव्हीला जोड, हाताएवढी अक्षरं होतील. तो कॉम्प्युटर मी पर्समध्ये घालून बसनं नेला, डब्याच्या शेजारी. पर्समधून काढून मी तो हातावर ठेवला तर मामाजी म्हणाले, "हे कॉम्प्युटर? हे तं चुन्याच्या डबीचा मोठा भाऊ आहे." तो टीव्हीच्या पाठीमागे स्क्रूनं बसवून टाकला आणि दिसेनासा झाला. मी बटण दाबलं. आत्यानं वाट पाहिली. मग उठून टीव्हीच्या मागे कान लावला. "चालू झालं का वं?" झालं म्हटलं. "मंग आवाज काहून नाही?" याला आवाजच नसतो, म्हटलं. तिला ते पटेना. तिचं आयुष्य टाइपरायटरच्या खडखडाटात गेलेलं. "काम करून राह्यलं अन् आवाज नाही," ती म्हणाली, "असं मी कोर्टात कोणी पाह्यलं नाही."

कीबोर्ड मी तिच्या मांडीवर दिला आणि मराठीची जुन्या टाइपरायटरची मांडणी लावून दिली. तिनं बोटं ठेवली, क्षणभर चाचपली, आणि मग ती बोटं अशी सुटली की मी आणि मामाजी नुसते पाहत राहिलो. भिंतभर अक्षरं उमटत गेली. 'मी, खाली सही करणार, सुमन, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की,' आणि इथं ती थांबली, मान जराशी तिरकी केली, कडेच्या नजरेनं एकेक अक्षर पाहिलं आणि पुढचं टाइप केलं, 'मला दिसून राहिले आहे.' कोर्टाच्या कागदात 'दिसून राहिले' चालत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं ते दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर तिच्या घरातलं खाजगी असं काही उरलं नाही. बैठकीची खिडकी गल्लीत उघडते, उन्हाळ्यात तिच्या अर्ध्या भागात कूलर बसतो, त्यामुळे पडदा लावायची सोय नाही. आत्या जे लिहील ते गल्लीच्या पलीकडून वाचता यायचं. हे तिच्या लक्षात आलं ते कौसल्याबाईंच्या प्रकरणात. कौसल्याबाईंच्या अंगणातलं धुण्याचं पाणी आत्याच्या दारात यायचं, म्हणून तिनं नगर परिषदेला अर्ज टाइप करायला घेतला. कौसल्याबाई समोर बसून भांडी घासत होत्या. अर्धा अर्ज झाला असेल, तर त्या साबणाच्या हातांनी उठल्या आणि खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. "सुमनबाई, माह्या नावात श नाही. स. सशाचा स." आत्यानं श काढून स घातला. "अन् हे 'वारंवार पाणी सोडतात' कायले लिवलं? रोज सोडतो का मी? कधीकधी म्हणा." आत्या कोर्टातली. समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कागद पुढे जात नाही, ही तिची शिस्त. तिनं 'कधीकधी' केलं. मग कौसल्याबाई आत येऊन बसल्या, चहा झाला, आणि चहा संपेपर्यंत अर्जाचं रूप असं झालं की आम्हा दोघींच्या दारातली नाली नगर परिषदेनं कृपया दुरुस्त करावी. खाली दोघींच्या सह्या. मामाजींनी मला फोन करून सांगितलं, "तुह्या डबीनं भांडण मोडलं, पाह्य. पण मॅच गेली माही."

मॅच हा खरा तंटा होता. टीव्ही एक आणि वाटेकरी दोन. मी पडदा मधून वाटून दिला, डावीकडे आत्याची अक्षरं, उजवीकडे मामाजींची मॅच, आवाज बंद. मामाजी म्हणायचे की अर्ध्या पडद्यात बॅट्समन दिसतो तर बॉलर दिसत नाही. ते काही खरं नव्हतं. पण आवाज नसल्यामुळे ते स्वतःच कॉमेंट्री करायचे, मग आत्याच्या लिखाणात 'सदर आरोपीने चौकार मारला' असं काहीतरी घुसायचं आणि ती त्यांच्यावर खेकसायची. पेपर मात्र आता ती त्यांना पडद्यावरून वाचून दाखवत होती. सगळा. एकही बातमी न सोडता. निधनाच्या बातम्या तर दोनदा.

पुढच्या वर्षी तिनं जाहीर केलं की ती स्वतःचा जबाब लिहिणार. "जिंदगीभर दुसऱ्याचे लिवले," ती म्हणाली, "माहा कोणी घेतलाच नाही." पण तोवर नजर आणखी उतरली होती. अक्षरं मोठी करत करत मी इतकी मोठी केली की 'पांढरकवडा' हा शब्द भिंतीवर एकटाच मावायचा. मग तोही मावेना. एक दिवस तिनं फोनवर शांतपणे सांगितलं, "आता भिंत पांढरी दिसते वं, नुसती पांढरी." तीच पुढे म्हणाली, "बोटाईले दिसते अजून. वाचाले माणूस पाह्यजे फक्त." वाचायला माणूस घरात एकच होता, आणि त्याच्या वाचण्यावर तिचा विश्वास नव्हता.

म्हणून तिनं त्याची परीक्षा घेतली. मी त्या रविवारी तिथं होते. आत्या पाटावर बसावी तशी खुर्चीत ताठ, मांडीवर कीबोर्ड, मामाजी टीव्हीसमोर चष्मा लावून, आणि खिडकीत कौसल्याबाई कोपर टेकून. आत्यानं दोन ओळी टाइप केल्या. "वाचा." मामाजींनी घसा साफ केला. "सदर इसम हे घरकामात कोणतीही..." इथं ते अडकले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "...मदत करतात." आत्या म्हणाली, "मी 'कोणतीही' टाइप केलं आहे. 'कोणतीही'च्या पुढं 'करतात' येत नाही." "करत नाहीत असं आहे!" खिडकीतून कौसल्याबाई. मामाजींनी मुकाट्यानं पुन्हा वाचलं. "सदर इसम हे घरकामात कोणतीही मदत करत नाहीत व चहा गार झाल्याचा दोष दुसऱ्यास देतात." "पुढं." पुढं चार-पाच ओळी असंच सगळं होतं, घोरणं, ओला टॉवेल, टीव्हीपायी हललेली तसबीर. मामाजी एकेक शब्द पुकारत गेले, कान लाल झालेले, पण एकही शब्द सोडला नाही. आणि मग आत्या पुन्हा टाइप करायला लागली, या वेळी हळू. मामाजींनी वाचलं, "तथापि मी तापाने आजारी असता सदर इसमांनी स्वतः भाकरी थापल्या. त्या खाण्यायोग्य नव्हत्या. मी त्या सर्व खाल्ल्या..." "खरं वाचलं का?" आत्यानं विचारलं. कौसल्याबाई म्हणाल्या, "खरं वाचलं, बाई." त्यानंतर रोज दुपारी असं चालायचं. ती लिहायची, ते वाचायचे, आणि गल्ली ऐकायची. मॅचचा अर्धा पडदा केव्हा बंद झाला, मला माहीत नाही. मामाजींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. जबाब काही पूर्ण झाला नाही. ती नोकरीला लागली तिथवर आला होता.

मागच्या आठवड्यात मी पांढरकवड्याला गेले. मामाजींना क्रिकेट पाहायला सोपं जावं म्हणून तो कॉम्प्युटर काढून टाकावा, असं माझ्या मनात होतं. बैठकीत शिरले तर तेच आत्याच्या खुर्चीत बसलेले, मांडीवर कीबोर्ड, आणि एक बोट हवेत. त्या कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली नाहीत. आत्याला त्यांची गरजच नव्हती. मामाजी एकेक कळ दाबून पाहत होते, चुकलं की पुसत होते. मी म्हटलं, काय करताय? "जबाब झाला," ते भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "तं उलटतपासणी होते का नाही? माह्याबद्दल इतकं लिवून गेली ते. मले बी विचाराचं आहे." मी चप्पल काढून खाली बसले. बाहेर गल्लीत नळाला पाणी आलं होतं, भांड्यांचा आवाज होता. बोट खाली यायचं, थांबायचं, पुन्हा वर जायचं. कितीतरी वेळानं भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत ओळ पुरी झाली.

'प्रश्न पहिला. हिंगाची डबी कुठं ठेवली'

मामाजींनी बोट मागे घेतलं आणि ते टीव्हीकडे पाहत बसले. मीही पाहत राहिले. तेवढ्यात गल्लीच्या पलीकडून कौसल्याबाई ओरडल्या, "अहो, वरच्या फळीवर आहे, मिठाच्या बरणीमागं!"

मामाजींनी मान वळवली नाही.

"तुमाले नाही विचारलं, कौसल्याबाई."