लिंकची हजेरी

आमच्या विभागात कोणी रिटायर झालं, की भाषणात त्यांच्या हाताखाली किती प्रबंध झाले ते सांगतात. किस्से मात्र सगळे प्रबंधाच्या शेवटच्या पानांवर, संदर्भसूचीत साचत जातात. ती पानं कोणी वाचत नाही असा पोरांचा पक्का समज असतो. मी वाचते! मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, स्वभावानं चिवट आहे आणि लिंक दिसली की दाबून बघते. पोरांचे प्रबंध हिंदीत असतात, आमची भांडणं मराठीत. त्यामुळे माझ्याकडे किस्स्यांना तोटा नाही.

* * *

पहिला मान पंकजचा. बुधवारा भागात घरचं कापडाचं दुकान, बोलायला गोड, आणि माझ्याकडे पीएच.डी. करून राहिलाय. त्यानं पहिलं प्रकरण आणून दिलं, शेवटी संदर्भ म्हणून एकच ओळ : 'स्रोत : इंटरनेट.'

मी त्याला समोर बसवलं. विचारलं, "उद्या लग्नाची पत्रिका पाठवशील, तर पत्त्यावर नुसतं 'भारत' लिहिशील का?"

त्यानं खरंच विचार केला. "नाही मॅडम. पिनकोड टाकेन ना."

पुढच्या खेपेला त्यानं पत्ता टाकला, तोही अगदी सविस्तर. सी ड्राइव्ह, डाउनलोड्स, 'पंकज न्यू फायनल'. त्याच्याच घरच्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर! मी विचारलं, परीक्षकांनी हे बघायला तुझ्या घरी यायचं का रे? तर म्हणे, येऊ द्या ना मॅडम, मावा जलेबी आणून ठेवतो. या पोरावर रागवायचं तरी कसं, सांगा.

* * *

आता सुनंदा. तिच्या बाबतीत हसायला जागा नव्हती.

सुनंदा तुकईथडची. घरी केळी आणि कापूस. ती आमच्याच कॉलेजात अतिथी म्हणून शिकवते, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक : पुढच्या साली ठेवतात की नाही! पीएच.डी. झाली तर पक्की जागा मिळायची आशा. विषयही तिच्या अंगणातलाच होता, केळीच्या खोडापासून धागा काढणाऱ्या बाया. काम उत्तम झालं होतं. आणि बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला.

कारण काय, तर त्यांनी लॅपटॉप उघडून एकेक लिंक दाबली होती. बऱ्याच उघडल्या नाहीत. सगळ्यात मोठा घोळ एका पानाचा. देडतलाईच्या बायकांच्या गटाची एक छोटी वेबसाइट होती. काम आपसात कसं वाटून घेतलं, कोणी खोडं सोलायची, कोणी धागा वाळवायचा, हे सगळं त्या पानावर होतं, आणि सुनंदाचं अख्खं चौथं प्रकरण त्यावर उभं. परीक्षकांचा शेरा : 'हे पान अस्तित्वात नाही. पडताळणी कशी करावी?'

दुरुस्त करून पुन्हा द्यायची एकच संधी होती. आमचे विभागप्रमुख देशमुख सर भला माणूस, त्यांनी मायेनंच सांगितलं, बेटा, ते प्रकरण काढून टाक आणि मोकळी हो. सुनंदा खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "सर, पान होतं. मी वाचलंय. मी नाही काढणार." तिचा शब्द एकही हलला नाही. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की मी देशमुख सरांकडे बघायचंच टाळलं.

* * *

त्या आठवड्यापासून मी शनिवारची हजेरी सुरू केली. शाळेत पोरांची घेतात तशी लिंकची. सुनंदा नि पंकज कॉम्प्युटरपुढे बसणार, मी सूचीतून नाव पुकारणार, आडनाव आधी आणि नाव नंतर, जसं संदर्भात लिहितात तसं. पान उघडलं की 'हजर'. नाही उघडलं तर 'गैरहजर', आणि मग दुसरीकडे त्याची जतन केलेली प्रत शोधायची. सापडली नाही तर संदर्भ बाद. विभागात लोक हसायचे. हसू द्या म्हटलं.

एकदा पंकजची एक सरकारी साइट उघडेना. पडद्यावर आलं की दुरुस्तीचं काम चालू आहे. मी 'गैरहजर' लिहायला पेन टेकवलं, तर पंकज म्हणतो, "मॅडम, गैरहजर काहून? मेडिकल लीव्ह लिहा ना!"

याच पंकजनं 'पान पाहिल्याची तारीख' या जागी सगळीकडे पुढच्या वर्षीची एकच तारीख टाकली होती. मी चक्रावले. तर साहेबांचा हिशोब असा, की परीक्षक तोंडी परीक्षेच्या दिवशीच पान पाहतील, मग अंदाजानं तीच तारीख टाकलेली बरी. मी डोकं धरून बसले. सुनंदा मात्र किती तरी दिवसांनी मोकळी हसली.

* * *

देशमुख सरांचाही नंबर लागला बरं का! तापीच्या घाटांवर त्यांचा नवा लेख आला होता. आमचा उत्साह पाहून म्हणाले, माझीही हजेरी घ्या. मी त्यांच्या मुख्य संदर्भाची लिंक दाबली, लगेच हजर. मग म्हटलं, त्या वेबसाइटनं तरी माहिती कुठून घेतली ते बघू. खाली स्रोत दिला होता : देशमुख सरांचाच जुना लेख!

म्हणजे सरांचा आधार ती साइट, आणि साइटचा आधार सर. मला वाटलं आता बिचारे ओशाळतील. ते उलट खूश झाले. "बघा, दोन्हीकडून पक्कं आहे!"

* * *

राहिलं देडतलाईचं पान. त्याची जतन केलेली प्रत कुठंच सापडली नाही. त्यावर लेखकाचं नावही नव्हतं. मी सुनंदाला म्हटलं, पान गेलं असेल, पण ते लिहिणारं माणूस कुठं तरी असेल ना, तू जा. ती गेली. ज्या ऑनलाइन सेंटरवाल्यानं साइट बनवली होती, त्याचा पासवर्ड हरवला होता आणि कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला. तो सुनंदाला म्हणाला, मी तर फक्त टाइप केलं ताई, बोलणारी दुसरीच होती. तिचं नाव त्यानं दिलं. गटातली बाई, सगळा मजकूर तिनंच तोंडी सांगितलेला.

सुनंदानं परत येऊन संदर्भात ते नाव लेखक म्हणून घातलं आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलं, पान आता उपलब्ध नाही. देशमुख सर हळहळले, की ही पोरगी हातानं पायावर धोंडा मारून घेतेय. सुनंदा म्हणाली, "खोटी लिंक टाकण्यापेक्षा बरं." प्रबंध तसाच गेला.

* * *

तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसावं. हॉल भरला होता. मागच्या रांगेत काही बाया पदर सावरून बसल्या होत्या. सुनंदाच्या घरच्या असतील म्हणून मी फारसं लक्ष दिलं नाही. मी सूचीचीच पानं पुन्हा चाळत होते.

परीक्षक तेच, लॅपटॉपही तोच. त्यांनी लिंका दाबायला सुरुवात केली. एकामागून एक पानं उघडत गेली आणि पंकज प्रत्येक वेळी ओठांतल्या ओठांत 'हजर' म्हणत होता. मग साहेब थांबले. चष्मा वर केला. म्हणाले, हा संदर्भ मागच्या वेळीही उघडला नव्हता, आजही उघडत नाही. सुनंदा, हे पान कुठं आहे?

सुनंदानं सूचीतल्या त्याच ओळीकडे बोट केलं. देशमुख सरांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी पुन्हा सूचीत बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "महाजन, कमलाबाई. देडतलाई."

मागच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली.

"हजर, साहेब."