सोंड मोडलेला विनायक

तणिकाचलमच्या दुकानाच्या पायरीशी लोखंडी गार्डांचा ढीग पडलेला असतो. ग्राइंडरच्या चकतीवर बसवायचं पत्र्याचं अर्धगोल झाकण, तेच हे गार्ड. मूर्तिकार दुरुस्त झालेलं मशीन ताब्यात घेतात, तिथेच पायरीवर बसून स्क्रू ढिला करतात, गार्ड ढिगात टाकतात आणि चालू पडतात. समोरच्या माझ्या दुकानातून मला हे रोज दिसतं. मी चकत्या विकतो, तो मशीन दुरुस्त करतो. महाबलिपुरमच्या या गल्लीत तीच माणसं, तीच गोष्ट, आणि ‘गार्ड काढू नका’ हे तेवीस वर्षं सांगून सांगून आम्ही दोघंही विटलोय.

तणिकाचलमला उजवा डोळा नाही. तो स्वतः मूर्तिकार होता. एकोणतिसाव्या वर्षी एका नंदीची मान घासताना चकती फुटली, तेव्हा त्याचंही गार्ड असंच कुठेतरी पडलेलं होतं. मुलगी तामरै तेव्हा चार वर्षांची होती. बाप उजवीकडच्या वस्तूंना धडकतो हे तिच्या लक्षात आलं, तेव्हापासून ती त्याच्या उजव्या हातालाच चालते. लग्न झालं तरी अजून तशीच चालते.

त्याचं काम बघत बसावं असं आहे, पण मला आता त्याचाही कंटाळा येतो. आधी प्लग काढणार. मग मागचं झाकण उघडून मोटरला वीज पोचवणारे, झिजलेले कार्बनचे तुकडे बाहेर काढणार आणि डाव्या डोळ्यासमोर धरून पुटपुटणार, “बोटाच्या नखाएवढा राहिलाय. ठिणग्या पडेपर्यंत वापरतात मेले.” दगडाची पूड फुंकून काढणार, गिअरचं जुनं काळं ग्रीस पुसून नवं भरणार, वायर कुठे चिरली आहे का ते बोटांनी चाचपणार. शेवटी ढिगातलं एखादं गार्ड उचलून बसवणार. तेच, जे परवा कुणीतरी फेकलं होतं.

“अण्णा, गार्ड लावलं की मूर्तीच्या वस्त्राच्या चुणीत चकती शिरत नाही,” मूर्तिकार म्हणतो.

“मग चुणीपुरती छिन्नी घे. तुझ्या आजोबाकडे कुठे मशीन होतं?”

“आजोबा एका मूर्तीला वर्ष लावायचे. मला गिऱ्हाईक दोन महिने देत नाही.”

यावर तणिकाचलम पुढचं मशीन ओढून घ्यायचा. दोन महिन्यांत देव हवा असणारी माणसं आपल्यातलीच आहेत.

वर्षातून एकच दिवस त्याचं ऐकलं जायचं, आयुधपूजेचा. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, चंदन-कुंकू लावून मांडतात आणि कुणी हत्याराला हात लावत नाही. आदल्या आठवड्यात सगळी मशीन साफसफाईला त्याच्याकडे येतात. तेव्हा तो म्हणायचा, “काय रे, नाक तुटलेल्या देवाची पूजा करशील? नाही ना? मग हे अर्धं मशीन कसं मांडतोस पूजेला?” मूर्तिकाराला हे लागतं. हाताखाली मूर्तीचा टवका उडाला, तर महिन्यांची मेहनत मुकाट्याने रस्त्याकडेला टाकणारी ही माणसं. भग्न मूर्ती पुजायची नाही, यात त्यांच्यात दुमत नाही. त्यामुळे पूजेला सगळ्या मशीनवर गार्ड असायचं. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पुजलेल्या हत्याराने, जसं पुजलं तसंच्या तसं, आपापल्या मूर्तीवर पहिला हात मारायचा. तो मारून झाला की गार्ड पुन्हा ढिगात.

“एका दिवसाचं सोवळं,” तणिकाचलम म्हणायचा. “माणिक्कम, बाकीच्या दिवसांचं काय?”

“बाकीचे दिवस तुझं तोंड दुखतं आणि माझं,” मी म्हणायचो.

पण त्याचा जीव अडकला होता तो एकाच मशीनमध्ये, जावयाच्या. हा परंदामन आमच्या गल्लीतला सगळ्यात चांगला हात आणि सगळ्यात उतावळा. सासऱ्याच्या डोळ्याच्या रिकाम्या खोबणीसमोर बसून, सासऱ्यानेच बसवलेलं गार्ड काढायचा. भांडण झालं की तामरै मध्ये पडायची. मग तणिकाचलम माझ्याकडे येऊन चहा घ्यायचा आणि म्हणायचा, “एक डोळा तिने लहानपणापासून सांभाळला. दुसऱ्या कुणाचा सांभाळायला लागू नये, एवढंच.”

मागच्या वर्षी परंदामन एका गावच्या देवळासाठी विनायक घडवत होता. काळा दगड, सोंड पोटापासून मोकळी कोरलेली, टोकाला मोदक. विजयादशमीनंतर प्राणप्रतिष्ठेला नऊच दिवस उरणार होते आणि घासणं बाकी होतं. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी त्याने छिन्न्या, हातोडे धुवायला टबात टाकले आणि त्यांच्याबरोबर घासायच्या चकत्याही. त्या रात्रभर पाण्यात राहिल्या. ही चूक आमच्याच गल्लीत होते. चकती म्हणजे डिंकासारख्या रसायनात बारीक खडे बांधून केलेली भाकरी. पाणी प्याली की आतून भुसभुशीत होते, आणि वरून चंदन लावल्यावर कळणार कसं? दगडाला टिचकी मारून आतली चीर ऐकणारे हे लोक चकतीकडे धड बघतही नाहीत. ओल लागू देऊ नका, हे मी प्रत्येक चकतीबरोबर सांगतो. परंदामनलाही सांगितलं होतं. ऐकून “हो हो” म्हणाला होता.

विजयादशमीच्या सकाळी त्याने चंदन लावलेलं मशीन उचललं. नवी चकती बसवली की मिनिटभर बाजूला धरून रिकामी फिरवावी, तेवढंही केलं नाही. पहिला हात थेट विनायकाच्या सोंडेशी. आवाज माझ्या दुकानात ऐकू आला. तो आवाज ओळखणारे आम्ही दोघंच. तणिकाचलम माझ्याआधी रस्त्यावर होता, आणि धावता धावता उजवीकडच्या हातगाडीला धडकला.

आम्ही पोहोचलो तेव्हा परंदामन उभा होता. दोन्ही डोळे उघडे, अंगावर कुंकवाएवढाही ओरखडा नाही. फुटलेल्या चकतीच्या तुकड्यांनी गार्डला आतून बोटभर पोचा पडला होता. पण मशीन उसळलं होतं आणि त्याची लोखंडी मान सोंडेला बसली होती. मोदकासकट टोक खाली पडलं होतं.

“तुमच्या गार्डने घात केला!” तो सासऱ्यावर ओरडला. “त्याच्यामुळे हात नीट बसला नाही! गेली मूर्ती! नऊ दिवसांत आता कुठून आणू?”

जावयाचा चेहरा दोन्ही हातांत धरून तणिकाचलमने डाव्या डोळ्याने आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा. मग म्हणाला, “हा विनायक मला दे.”

देवळाने मूर्ती दुसऱ्याकडून घेतली. मोडलेला विनायक चौघांनी उचलून तणिकाचलमच्या पायरीशी, गार्डांच्या ढिगाशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो त्याला रोज एक जास्वंद वाहू लागला. गल्लीला आयतंच मिळालं.

“अण्णा, भग्न मूर्तीला फूल? आम्हाला काय काय ऐकवायचात!”

“मग आता आमचं अर्धं मशीनही चालेल की पूजेला!”

याचा मला खरंच राग आला. एवढा एक दिवस होता, तोही याने हातचा घालवला. मी तसं त्याला म्हणालो.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पण माणिक्कम, तामरैच्या वाटचं या विनायकाने अंगावर घेतलं. त्याला मी रस्त्याकडेला कसा टाकू?”

यंदा आयुधपूजेला मशीन आली ती गार्डाशिवायच. तणिकाचलमने कार्बन बदलले, ग्रीस भरलं आणि गार्ड ढिगातच राहू दिली. खचला होता.

शेवटी संध्याकाळी परंदामन आला. वर्षभर तो सासऱ्याशी कामापुरतंच बोलत होता. मशीन टेबलावर ठेवून तो बाजूला उभा राहिला. गार्ड तेच होतं, पोचा पडलेलं. साफ करायचं म्हणून तणिकाचलमने त्याच्या स्क्रूला पेचकस लावला. स्क्रू हलेना. जोर लावला, तरी हलेना. त्याने मशीन उजेडाकडे वळवून डाव्या डोळ्याजवळ नेलं. स्क्रूच्या खाचेत वर्षभराची दगडाची पूड घट्ट बसली होती; गेल्या विजयादशमीपासून तो कुणी ढिला केलाच नव्हता.