सिक्स्टनचा सभ्य पाय

सिक्स्टनच्या उजव्या पायाला चांगलं वळण होतं, आणि तेच आता त्याच्या मुळावर आलं होतं.

छत्तीस वर्षं तो ट्रक चालवत होता. जोडरस्त्यावरून कुणी महामार्गावर येतंय असं दिसलं, की पाय आपसूक ब्रेकवर जायचा. आपण वाट द्यायची, त्याने हात हलवायचा. स्वीडनमध्ये असं न करणाऱ्याला लोक तोंडावर काही बोलत नाहीत; जन्मभर लक्षात मात्र ठेवतात.

पण सध्या चाललेल्या नव्या चाचणीत तीन ट्रक एकामागे एक, बिनतारी जोडलेले. पुढचा ट्रक चालवायला तुवा, अजून तिशीही न गाठलेली. मधे सिक्स्टन, मागे आणखी एक. ट्रकांमध्ये अंतर जेमतेम दहा मीटर. त्यामुळे मागच्यांना वारा कमी लागायचा आणि डिझेल वाचायचं. तुवाने ब्रेक दाबला की तिघांचे ब्रेक एकदम लागायचे. सिक्स्टनने फक्त स्टिअरिंग धरायचं आणि दिवसभर तुवाच्या ट्रकचं मागचं दार बघायचं. त्याने स्वतः ब्रेक दाबला की जोडणी तुटलीच.

दोन दिवसांत त्याने ती दोनदा तोडली. एकदा गाडीमागे कॅरॅव्हॅनचं फिरतं घर ओढणाऱ्या आजोबांसाठी, एकदा ट्रेलरमधून घोडा नेणाऱ्या बाईसाठी.

"आज तोडलीस तर उद्या तुझ्या जागी दुसरा," शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला इंजिनिअर हाम्पुस म्हणाला.

"मग घोडेवालीला काय सांगायचं होतं? थांब बाई, विज्ञान चाललंय?"

पण कॉफीच्या थांब्यावर त्याने दालचिनीच्या बनला हातही लावला नाही. या वयात नवं काही जमत नाही, हे सिद्ध होऊन घरी जायची त्याला मनापासून लाज वाटत होती.

"बन नको? ताप आलाय का तुला?" तुवाने विचारलं.

"गाडी जमते गं मला. उद्धटपणा नाही जमत."

तुवाने त्याचाही बन खाल्ला.

ग्रेन्ना गावाजवळ, सरोवर दिसू लागलं तिथे, जोडरस्त्यावर एक जुनी पिवळी गाडी आली. आत एक म्हातारी, मान पुढे काढून बसलेली. सिक्स्टनचा पाय ब्रेककडे उचलला गेला. हाम्पुसने डोळे मिटले.

रेडिओवर तुवाचा आवाज खरखरला. "सिक्स्टन, पाय खाली ठेव! दिसतेय मला ती. आपण तिघं मिळून वाट देऊ."

पाय हवेत थबकला आणि ब्रेकला न लागता खाली आला. तिन्ही ट्रक एकदमच हळू झाले, अंतर तेवढंच राहिलं, आणि पिवळी गाडी तुवाच्या पुढे शिरली.

"जोडणी शाबूत!" हाम्पुस ओरडला.

सिक्स्टनला मात्र समोर तेच दार दिसत होतं. चाचणीतली जागा वाचली होती, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं त्याला वाटलं.

रेडिओ पुन्हा खरखरला. "म्हातारीने हात हलवला रे. दोनदा. एक मी ठेवून घेतला, दुसरा तुझा."

सिक्स्टन हसला, आणि त्याने समोरच्या दाराला हात हलवला.