भाऊंचं अक्षर

सेलूच्या स्टेशन रोडवर सिद्धोधनचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि त्यानं घडवलेलं अक्षराचं एक वळण साऱ्या तालुक्यात मिरवतं. अक्षर पोकळ. नुसती बाहेरची रेघ, आत काही नाही, आणि प्रत्येक दांडीच्या तळाशी जाड चौकोनी पाय. कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या यंत्रावर असली इंग्रजी अक्षरं त्यानं पाहिली होती, तीच ठेवण मराठीत आणली. बारीक छापलं तर नुसती गिचमिड होते, पण मोठ्या फलकावर रस्त्यापलीकडून वाचता येतं आणि अक्षरातून मागचा फोटोही दिसतो.

हा फोटोच त्याला नडला. तालुक्याचे पुढारी महारुद्रभाऊ वाढदिवसाच्या बॅनरवर ते बघून हरखले. आपल्या नावातूनही आपलाच चेहरा दिसतो म्हटल्यावर कोणता पुढारी हरखणार नाही? मग भाऊंच्या माणसांनी हॉटेलं, क्लासेस, रसवंत्या, सगळं त्याच अक्षरात करून घेतलं. पोकळ अक्षर दिसलं की नाव वाचायच्या आधीच लोक ओळखायचे, हा भाऊंचा. बाकीच्यांनी दुकानाची पायरी चढणं सोडलं.

खरं तर सिद्धोधननं ते घडवलं होतं वस्तीतल्या विहाराच्या कमानीसाठी. लोखंडी पट्टी वळवून केलेली अक्षरं, आणि त्यांच्या पोकळीतून दिसणारं आभाळ. कमान उभी राहायला वर्षं लागली, तोवर अक्षर भाऊंचं झालं होतं.

विहार समितीचे भगवानराव गुरुजी दुकानात आले. "बाबा, नाव तूच कर. पण ते अक्षर नको. आमी घरोघर वर्गणी मागितली, अन् लोक म्हणतील कमान भाऊनं दिली."

"गुरुजी, अक्षर माझं हाय."

"ते तुला अन् मला ठावं. रस्त्यानं जाणाऱ्याला कोण सांगत बसणार?"

गुरुजींचं काही चुकत नव्हतं, त्यामुळे राग काढायलाही जागा नव्हती. त्यानं साधी अक्षरं काढून पाहिली, पण हात पुन्हापुन्हा तळाशी पाय जोडत राहिला. "हातच ऐकंना झालाय तुमचा," बायको सुकेशनी म्हणाली. शेवटी त्यानं कॉम्प्युटरमधलं तयार अक्षर उचललं. कमानीवर नाव चढलं, सरळ, नीटनेटकं. त्याला मात्र मान वर करून बघवेना.

उद्घाटनाला भाऊ न बोलावता आले. आलेल्या पुढाऱ्याला परत कोण पाठवणार? त्यांनी माइक घेतला. "कमान लय भारी झाली. पण आपलं अक्षर न्हाई दिसत. सिद्धोधन, हे काढ अन् आपल्या अक्षरात कर. बाकीचं मी बघतो."

टाळ्या पडल्या. गुरुजींचे हात मांडीवरच राहिले. ते सिद्धोधनकडे बघत होते.

सिद्धोधनला नाहीच म्हणायचं होतं. आयुष्यात काही इतकं म्हणावंसं वाटलं नव्हतं. तो उठला, घसा खाकरला, सवयीनं हात जोडले आणि म्हणाला, "जी भाऊ."