पाच विटांचं बांधकाम

कुंदा गुप्तेला राग आला की ती पितळेचे डबे घासायला काढायची. अठ्ठ्याऐंशी साली अंबरनाथ पूर्वेच्या त्या कौलारू घरातले डबे लखलखत होते आणि त्याचं सगळं श्रेय बांधकामाच्या कचेरीला जातं. कचेरीचं नाव घ्यायचं कारण नाही. एकीचं घेतलं तर बाकीच्यांना वाटायचं, आपण सुटलो.

मागणी काय होती? सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या खोलीला लागून एक संडास. बस्स. जुना संडास अंगणापलीकडे, मधल्या फरशा शेवाळलेल्या. माई ऐंशीला टेकलेल्या, गुडघे पार गेलेले. पाऊसकाळात कुंदा एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात माईंचा दंड धरून त्यांना पलीकडे न्यायची आणि दाराबाहेर भिजत उभी राहायची. ती ताटकळते आहे या शरमेने माई घाईघाईने उठायच्या. हे कुंदाला कळायचं आणि तिचा जीव तळमळायचा.

समोर एका बिल्डरची चार मजली इमारत वर चढली होती. तिच्या नावाने कचेरीत कागदाचा कपटाही नव्हता. "वहिनी, तुमी पन बांधून टाका की. कोन बगतंय?" जनू गवंडी म्हणाला. पण कुंदाचा नवरा श्यामकांत कारखान्यात ऑफिसर, आणि स्वभावाने सरळ. परवानगीशिवाय एक वीट लावायची नाही, हा त्याचा हट्ट. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

अर्जावर दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, असा कायदा आहे. हा कायदा कचेरीतल्या कमळाकर ओव्हरसीअरला पाठ होता. म्हणून दोन महिने भरत आले की तो एक शंका काढी. नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नाही. दाखवली. शेजारच्या भिंतीचं अंतर लिहिलेलं नाही. लिहिलं. शंका आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कुंदा डबे घासत राहिली.

दसरा आला. माई म्हणाल्या, "शामू, एवढा मुहूर्त घालवू नकोस रे. निदान भूमिपूजन तरी करून घे. पुढच्या दसऱ्याला मी असेन, नसेन." श्यामकांतने विचार केला, पूजा म्हणजे काही बांधकाम नव्हे. आपल्याकडे पूजेला बांधकाम कोण म्हणतं? भटजी आले. हातभर खड्डा झाला, त्यात सुपारी आणि पंचरत्न पडलं, वर पाच विटा नुसत्या मातीत ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. रीत म्हणून कमळाकरलाही बोलावलं. तो आला, खड्ड्याला हात जोडले, माईंना वाकून नमस्कार केला आणि दोन पेढे खाल्ले.

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. 'विनापरवाना बांधकाम सुरू केल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. सबब प्रकरण स्थगित.'

"प्रत्यक्ष पाहणी!" कुंदाने हातातला डबा आपटला. "पेढा चघळता चघळता पाहणी करत होता मेला! मी मुंबईला जाणार. सरकारकडे अपील करणार."

"अगं, वरपर्यंत गेलो तर हे लोक डूख धरतील," श्यामकांत म्हणाला. "उद्या पाण्याचं कनेक्शन तोडतील."

"अहो, माईंना रोज मी नेते. तुम्ही आठ दिवस नेऊन बघा, मग मला शहाणपण शिकवा."

घर श्यामकांतच्या नावावर होतं. त्याने मुकाट्याने अपिलावर सही केली.

सुनावणीची तारीख लागेपर्यंत पुढचा पावसाळा आला. एका दुपारी कुंदा रेशनच्या रांगेत असताना माईंना जायची घाई झाली. सुनेला किती त्रास द्यायचा, म्हणून छत्री न घेताच त्या एकट्या निघाल्या. कुंदा परतली तेव्हा माई फरशांवर पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता या उभ्या राहायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

त्यानंतर मंत्रालयात सुनावणी झाली. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी विचारलं, "बांधकाम किती झालं होतं?"

"पाच विटा, सर," कमळाकर म्हणाला.

"सिमेंटात?"

कमळाकर फाइलीची पानं उलटू लागला. "मातीत," कुंदा म्हणाली. "हळदकुंकू लावलेल्या. यांनीही नमस्कार केला होता." साहेबांनी चष्मा काढून कमळाकरकडे बघितलं आणि तिथल्या तिथे परवानगी द्यायचा हुकूम लिहिला. कुंदा जिंकली. जिन्यावर येऊन ती कठड्याला धरून रडली, आणि ते आनंदाने नव्हतं.

"आता बांधायचं तरी कशाला?" श्यामकांतने विचारलं.

"बांधायचं!"

जनूने बांधलं. पांढऱ्या टाइल्स, धरायला भिंतीत दांडा. माईंना पलंगावरून ते दार दिसायचं. "छान झालंय हो," त्या म्हणायच्या. पलंगापासून दार चार पावलांवर, पण त्यांना आता पलंगावरच भांडं द्यावं लागे. कुंदा तो संडास रोज धूत होती आणि घरात कुणी तो वापरत नव्हतं.

बांधकाम पुरं झाल्याचा दाखला द्यायला कमळाकर आला तेव्हा मुसळधार पाऊस लागला होता. त्याने टेप लावली, दांडा हलवून पाहिला, चहा घेतला. मग चुळबुळत म्हणाला, "वहिनी, जरा जाऊन आलो असतो," आणि नव्या दाराकडे वळला.

कुंदा दारात आडवी उभी राहिली. "हा माईंचा आहे."

"अहो, पण..."

"आमचा तिकडे आहे, अंगणापलीकडे." तिने खुंटीवरची जुनी छत्री काढून त्याच्या हातात दिली. "फरशांवर जपून जा. निसरडं आहे."

दाखल्यावर अजून सही व्हायची होती. श्यामकांतचा चेहरा उतरला. कमळाकर एकेक पाऊल चाचपत पावसात निघाला.

"कोण गं बाहेर एवढ्या पावसात?" माईंनी पलंगावरून विचारलं. "हात धर त्याचा, पडेल."

कुंदा जागची हलली नाही.