अक्कांनी न टोचलेली सुई

दीड महिन्यापूर्वी मी मशीनवर ब्लाउजला अस्तर लावत होते, तेव्हा अक्कांच्या सुनेचा फोन आला. "मावशी, अक्का गेल्या. लिंगैक्य झाल्या." मी मशीन थांबवलं.

अक्का गंगाखेडच्या, किराणा व्यापाऱ्याच्या घरातल्या. मुलं हाताशी आल्यावर, पन्नाशीला टेकलेल्या या बाईनं रीतसर ॲक्युपंक्चर शिकून घेतलं आणि दुकानामागच्या खोलीत उपचार सुरू केले. शिलाईनं माझी मान तेव्हा अशी आखडली होती, की कुणी हाक मारली तर अख्खं वळावं लागे. सुया टोचून कुठं मान सुटते का, असं लोक म्हणत. मलाही तसंच वाटे. अक्कांनी अंगठ्यानं मान चाचपली आणि केसासारख्या बारीक सुया मानेत, खांद्यात, हातावर टोचल्या. मुंगी चावल्यासारखं झालं, मग जडपणा हळूहळू उतरत गेला. सात-आठ खेपांनंतर मी सहज मान वळवून मागे बघितलं, आणि बघितलं हेही जरा उशिरानं लक्षात आलं! अक्का मात्र मशीनची उंची वाढव, मधून मधून ऊठ, एवढंच बजावत राहिल्या.

पण मी खरी थक्क झाले ती नंतर. ताडकळसला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचीही मान दुखायची. मीच त्याला घेऊन आले. अक्कांनी त्याला सदऱ्याची गुंडी लावायला सांगितली. त्याला ती लावता येईना. चालताना पाय अडखळतो का, असं विचारलं. तो हो म्हणाला. अक्कांनी सुयांचं पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं. निदान एकदा टोचून तरी बघा, म्हणून मी गयावया केली.

"न्हाई. ही माझ्या सुईची मान न्हाई. मणक्यात नस दबायलीय. आजच्या आज नांदेड गाठा."

मला रागच आला होता. नांदेडला तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. अजून थांबला असता तर हातपाय गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. आज तो मोटारसायकलवरून बाजाराला जातो. एवढं कसब हातात असताना हात आवरता येणं... ते मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अक्कांनी अचानक उपचार बंद केले. कारण कुणालाच सांगितलं नाही.

परवा सुनेनं त्यांच्या कपाटातली एक छोटी कापडी उशी माझ्या हातात दिली. उपचारांना इतकी वर्षं होऊनही रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, अक्का तिच्यावर सुया टोचायचा सराव करत. मी खिडकीपाशी गेले. सुईवर जगणारी बाई मी. भोकं मला वाचता येतात. ओळीमागून ओळी, शिवणीसारख्या सरळ. फक्त शेवटच्या ओळीत तीन-चार भोकं ओळ सोडून गेलेली.

त्यापुढं कापड कोरं होतं.